मागच्या सीटवर परत

माझा सगळा धंदाच बसण्याचा. अठरा वर्षं झाली, मी हैदराबादेत बायकांना स्कूटर शिकवते. विद्यानगरला लागून विद्यापीठाचे रुंद, झाडांचे रस्ते आहेत, तिथं सकाळी सहा ते नऊ माझा वर्ग भरतो. शिकणारी पुढं, मी मागं. मागं बसून मी तीन भाषांची खिचडी करून ओरडते, "अम्मा, मेल्लगा! हल्लू, हल्लू! अगं बाई, हळू! हॉर्न नक्को, ब्रेक दाब!" नवऱ्यानं शिकवता शिकवता जिला रडवलंय, ती माझ्याकडं दहा दिवसांत चौक ओलांडते. बायका मला टीचरम्मा म्हणतात. मला त्याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

तर अशा ह्या टीचरम्माला पंचावन्नाव्या वर्षी बसताच येईना झालं. स्कूटर सोडा, जेवायला खुर्चीवर टेकता येईना. आधी एका अंगावर, मग दुसऱ्या अंगावर, मग ताट उचलून ओट्याशी उभ्यानंच. आमच्या ह्यांना वाटायचं, मला घाई आहे.

जे झालं ते कुठं झालं, हे सांगायला आपल्याकडं दोनच तऱ्हेचे शब्द. एक शिवीतले, दुसरे पुस्तकातले. घरात वापरायचा, चहा पिता पिता बोलायचा शब्दच नाही. त्यामुळं आमच्याकडं नुसतं 'तिथं'. तिथं खाजतंय, तिथं आग होतेय. मी आता सरळ सांगते. बाईच्या मांड्यांमधली, लघवीच्या जागेभोवतीची आणि योनीच्या तोंडाभोवतीची जी बाहेरची कातडी असते, तिथं. तिचा आजार. नाव लायकेन स्क्लेरोसस. हे नाव पाठ करायलाच मला दोन वर्षं लागली.

सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा खाज सुटली. साधी नाही, जीव नको करणारी. चिक्कडपल्लीत आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर एक कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांच्याकडं गेले. त्यांनी बघितलं, नाव सांगितलं, एक छोटी ट्यूब लिहून दिली. म्हणाल्या, हा आजार कुणाला लागत नाही, घाणीमुळं होत नाही, पण पुरता जातही नाही. मलम लावत राहायचं, कायम, आणि वर्षातून एकदा येऊन दाखवायचं. मी मान हलवली. ट्यूब घरी आणून शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांखाली लपवली. वाटलं तेव्हा लावली, खाज थांबली की सोडली, संपली की गुपचूप दुसरी आणली. ट्यूबच्या कागदावर स्टिरॉइड लिहिलेलं, त्याचीही भीती. दाखवायला पुन्हा गेलेच नाही. सात वर्षांत घरात कुणाला हे कळलं नाही. कळू दिलं नाही म्हणा.

मग गेल्या वर्षी अंग बाहेर यायला लागलं. गर्भपिशवी खाली सरकलेली. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनबाई म्हणाल्या, पिशवी काढू आणि आतला ढिला पडलेला भाग टाके घालून वर बांधून घेऊ. मला भीती नव्हती वाटली. उलट मनात म्हटलं, बरंच झालं. आपल्याकडं बायकांच्या सगळ्या दुखण्यांचं खापर पिशवीवरच फुटतं ना! मीही तेच धरून चालले होते की ही खाज पिशवीचीच, आता पिशवीच जाणार म्हटल्यावर खाज राहील कुठं? आणि त्या भरात मी मलम पार बंद केलं. भरती करताना एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "और कोई बीमारी? शुगर, बीपी, स्किन का कुछ?" शेजारी आमचे हे फाईल धरून उभे. मी म्हटलं, "कुछ नहीं."

ऑपरेशन छान झालं. खोटं कशाला बोलू, सर्जनबाईंचे हात सोन्याचे. पण घरी आले, दोन आठवडे झाले, आणि अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण. अंबरपेठला राहते, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच केली. रिक्षातून उतरली ती हातात लोखंडी शेगडी, एका पोत्यात कोळसा, आणि पदरात ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. मी म्हटलं, "अक्का, मला काय मूल झालंय?"

"पिशवी काढली म्हंजे थोरलं बाळंतपणच की ते," अक्का म्हणाली. "गप बस. तुला काय कळतंय?"

आता फ्लॅटमध्ये बाज कुठून आणणार? अक्कानं माळ्यावरची वेताची खुर्ची काढली. विणकामात भोकं भरपूर. खाली शेगडी, शेगडीत ओवा नि सालं, आणि वर मी, साडी सोडून. दार-खिडक्या बंद. पहिल्याच दिवशी एवढा धूर झाला की वॉचमन पाण्याची बादली घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत पळत आला. ह्यांनी दारातूनच त्याला सांगितलं, "कुछ नक्को, धूप डाल रहे." तो बराच वेळ जिन्यातच उभा होता म्हणे.

धुरी सकाळ-संध्याकाळ. वर आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला आणि डेटॉलचं एक झाकण. त्याच पाण्यानं तिथं धुवायचं, तेही साबण लावून, दिवसातून चार वेळा. अक्काची माया अशी अंगावर येते की नाही म्हणायला तोंडच उघडत नाही. आणि खरं सांगू? ऊब लागली की पहिली पाच मिनिटं बरं वाटायचं.

पंधरा दिवसांत माझे हाल कुत्रा खाईना. खाज होतीच, आता आग. लघवी झाली की मोरीत भिंतीला डोकं टेकून उभी राहायची मी. कातडीला बारीक चिरा पडलेल्या, चड्डीवर रक्ताचे ठिपके. दीड महिन्यानं सर्जनबाईंना दाखवायला गेले तर त्या म्हणाल्या, टाके उत्तम भरलेत, बाहेर जरा लाल आहे, बुरशी असेल, आणि क्रीम दिलं. त्यांना माझ्या जुन्या आजाराचं ठाऊक असायचं कारणच नव्हतं, मी सांगितलंच कुठं होतं? ते क्रीम लावलं की मिरची लावल्यासारखं व्हायचं. तरी मी गप्प. मूर्खासारखी गप्प. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

इकडं फोनवर फोन. टीचरम्मा, क्लास कब से? टीचरम्मा, माझ्या जावेलाही शिकायचंय. मी सांगत गेले, पुढच्या सोमवारी, त्याच्या पुढच्या सोमवारी. एक दिवस हे म्हणाले, "अगं, खूप झालं की आता. सोडून दे." प्रेमानं म्हणाले, पण माझ्या काळजात धस्स झालं. अक्का तर कधीपासून म्हणत होती, "बाईच्या जातीनं अठरा वर्षं टांग टाकून गाडीवर बसायचं, मग दुसरं काय व्हायलंय?" आणि हळूहळू मलाही ते पटायला लागलं, बघा. मला! जिनं शेकडो बायकांच्या सासवांशी ह्याच गोष्टीवरून भांडणं केली, तिला! मी म्हटलं, विका गाडी. अक्कानं अंबरपेठचा एक ओळखीचा दुकानदार गाठला. तो रविवारी गाडी बघायला येणार होता.

शनिवारी सकाळी गाडी पुसायला मी खाली गेले. तीन महिने कव्हरखाली होती. पुसून झाली. वाटलं, एकदा बसून तरी बघू, शेवटचं. पाय टाकला, सीटवर टेकले, आणि खालून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी तशीच उतरले, गाडीच्या शेजारी पार्किंगच्या फरशीवर कुशीवर पडले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. दुखण्यापेक्षा जास्त अपमानानं. अठरा वर्षं जी मी होते ती ह्या एवढ्याशा सीटवर होते. ती जागा गेली तर मग उरते कोण? दोन वेळा धुरी घेणारी एक म्हातारी.

आणि मग मला राग आला. बाई गं, काय राग आला! कुणाचा ते धड ठाऊक नाही, पण रागानं मी उठले, वर गेले, मशीनच्या खणातून ती अर्धी ट्यूब काढली, पर्समध्ये टाकली आणि कुणाला काही न सांगता चार गल्ल्या चालत डॉक्टरीणबाईंकडं गेले. पाय फाकत फाकत चालले, लोकांनी बघायचं ते बघितलं.

डॉक्टरीणबाई तेलुगू, पण बोलतात आपल्या हैदराबादी हिंदीत. त्यांनी मला ओळखलं. "सात साल के बाद आए अम्मा?" मी सगळं ओकले. ऑपरेशन, बंद केलेलं मलम, धुरी, डेटॉल, बुरशीचं क्रीम, सगळं. धुरीपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. "खुर्ची के नीचे अंगीठी?" त्या म्हणाल्या आणि कपाळाला हात लावला.

तपासलं. मग माझ्या हातात एक छोटा आरसा दिला आणि म्हणाल्या, बघा. मी कधीच बघितलं नव्हतं. दोन मुलं झाली, पंचावन्न वर्षांची झाले, रोज शिकाऊ बायकांच्या कानाशी ओरडते, आरशात बघ, आरशात बघ, आणि स्वतःचं अंग कधी बघितलं नाही. पांढरी पडलेली, कांद्याच्या सालीसारखी पातळ कातडी, तिच्यावर लाल चिरा. मला घाण वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. वाटली ती कीव. बिचारीला आपण डेटॉल पाजत होतो.

त्यांनी समजावून सांगितलं. ह्या आजाराचा पिशवीशी काही संबंध नाही, तो कातडीचा आहे. कातडीला कुठंही मार लागला, घासलं, टाके पडले की हा आजार तिथं उसळतो. ऑपरेशनच्या वेळी वस्तरा फिरतो, लघवीची नळी असते, टाके असतात, त्यानं उसळला. मलम चालू असतं, सर्जनला ठाऊक असतं, तर आवरता आला असता. वर साबण, डेटॉल आणि धूर. गाडीचा दोष? "गाड़ी ने क्या किया अम्मा? भर गया तो आराम से बैठो." हे वाक्य ऐकून मी त्यांचा हातच धरला.

मग माझ्यासमोर त्यांनी सर्जनबाईंना फोन लावला, टाके भरल्याची खात्री करून घेतली आणि नेम घालून दिला. मलम रोज एकदा, वाटाण्याएवढं, पांढऱ्या भागावरच, एक महिना. मग एक दिवसाआड. मग आठवड्यातून दोनदा, ते मात्र कायम. साबण बंद, डेटॉल बंद, साधं पाणी, टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. लघवीला जायच्या आधी व्हॅसलीनचा थर, म्हणजे झोंबत नाही. सैल सुती कपडे. आणि कुठं गाठ लागली, न भरणारी जखम दिसली, तर त्याच आठवड्यात यायचं, कारण ह्या आजारात क्वचित पुढं कॅन्सर होतो. स्टिरॉइडला भिऊ नका, म्हणाल्या, मलम न लावण्याला भ्या.

घरी आले तर अक्का शेगडी पेटवत होती. मी म्हटलं, "अक्का, बंद कर ते."

"का? आज काय झालं?"

मी सांगितलं. जरा जास्तच जोरात सांगितलं. म्हटलं, तुझ्या धुरीनं माझी कातडी फाटली. अक्कानं शेगडीत पाणी ओतलं, केवढी वाफ झाली, पिशवी भरली आणि रिक्षा बोलावून निघून गेली. मला वाईट वाटलं, पण थांब म्हणाले नाही. राग अजून उतरला नव्हता.

स्वयंपाकघरात हे भेंडी चिरत बसले होते, त्यांनी सगळं ऐकलंच होतं. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, मला सात वर्षं हा आजार आहे." कुठं आहे, काय आहे, सगळं सांगितलं, पुस्तकातले शब्द वापरून. विळी तशीच राहिली. हातातली भेंडी त्यांनी ताटात ठेवली. मग म्हणाले, "सात वर्षं मला वाटतंय, तू माझ्यावर कशावरून तरी रागावली आहेस. जवळ येऊ देत नाहीस. विचारायची हिंमत होत नव्हती."

मी मटकन खाली बसायला गेले आणि बसता येईना म्हणून परत उभी राहिले. त्यावर आम्ही दोघं हसलो. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग चपला घालून ते स्वतः मेडिकलमध्ये गेले, चिठ्ठी दाखवली आणि मलम, व्हॅसलीन घेऊन आले. शिवाय एक हातात धरायचा आरसा. मी न सांगता आणला. रविवारी तो दुकानदार आला तेव्हा त्याला चहा पाजून म्हणाले, "गाडी विकायची नाही. मालकिणीला लागते."

पहिले दहा दिवस फरक कळेना. मग एका सकाळी लघवीला गेले आणि परत आले, आणि पार ओट्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं की भिंतीला डोकं टेकलंच नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, झोंबलं नाही!" शेजारणीनं ऐकलं असेल तर ऐको. तिसऱ्या आठवड्यात चिरा मिटल्या. महिन्याभरानं मी मांडी घालून पोळ्या लाटल्या, गरज नसताना, मुद्दाम खाली बसून.

मग गाडी. डबल स्टँडवर लावायची आणि रोज दहा मिनिटं नुसतं बसायचं. वॉचमनला वाटलं असणार, धुरीवाल्या बाईचं आता डोकंही फिरलं. दहाची वीस मिनिटं झाली. मग गेटपर्यंत, मग गल्लीला एक चक्कर, मग चिक्कडपल्लीच्या भर बाजारातून, हॉर्न वाजवत, गरज नसताना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आरसा दिला, कातडी मऊ आणि बऱ्यापैकी गुलाबी. म्हणाल्या, "जाओ, पढ़ाओ."

पहिल्या सोमवारी माझ्यापुढं एक नवी मुलगी होती. विद्यापीठाच्या रस्त्यावर मोठा गतिरोधक आहे. त्याचीच मला धास्ती होती, तिला नव्हे, मला. तिनं वेग कमी केलाच नाही. धाड! दोघी हवेत उडालो आणि सीटवर आपटलो. मी श्वास रोखून कळेची वाट बघत राहिले. कळ आली नाही. काहीच आलं नाही. मी मागून अशी आरोळी ठोकली की पोरीनं गाडी फुटपाथला नेली. "सॉरी टीचरम्मा, सॉरी!" मी म्हटलं, "सॉरी कसलं? परत ने! परत एकदा त्याच्यावरून ने!" तीन वेळा गेलो आम्ही. जिंकले होते मी. लाज, आग, धूर, सगळ्यांच्या उरावर बसून जिंकले होते.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, वर्ग सुटायच्या वेळेला झाडाखाली एक रिक्षा थांबली आणि अक्का उतरली. आमच्यात दीड-दोन महिने बोलणं नव्हतं. ती दूर उभी राहून मला बघत होती. शेवटची बाई गेली तशी जवळ आली. मी म्हटलं, "अक्का, मी तेव्हा फार बोलले गं. चुकलं माझं."

"ते जाऊ दे." तिनं पदर चाचपला, इकडं-तिकडं बघितलं. "ते मलम. कुठल्या डॉक्टरचं म्हणालीस?"

"का गं?"

"मलाबी हाय ते," अक्का म्हणाली. "बारा वर्षं झाली. कुणाला सांगू? मालक गेले, लेकाला काय सांगू? धुरी घेतली की घडीभर जरा बरं वाटायचं. म्हणून तुला दिली. माझ्यापाशी तेवढंच एक औषध होतं."

बारा वर्षं! मोठ्या मायेनं ती माझ्यासाठी रिक्षातून शेगडी घेऊन आली होती आणि मी तिला काय काय बोलले. मी तिला मिठी मारली, भर रस्त्यात. ती म्हणाली, "अगं, लोक बघायलेत."

"बघू दे. बस मागं."

अक्का जन्मात दुचाकीवर बसली नव्हती. एका बाजूला पाय घेऊन बसली, माझ्या कमरेला अशी घट्ट धरून की मला श्वास घेता येईना. चिक्कडपल्लीपर्यंत मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात हळू गाडी चालवली. प्रत्येक खड्ड्याला आधी ओरडून सांगत होते, अक्का, खड्डा, आणि अक्का प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत होती.

दवाखान्यात गर्दी होती. आठ-दहा माणसं बाकांवर, त्यांत दोन-तीन पुरुष. काउंटरवरच्या मुलीनं रजिस्टर उघडलं आणि आमच्याकडं बघून विचारलं, "पेशंट कौन है? तकलीफ क्या है?"

मी सवयीनं पुढं वाकले, मुलीच्या कानाशी सांगावं म्हणून. अक्कानं मला हातानं मागं सारलं, पदर खांद्यावर नीट घेतला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोनों बहनें पेशंट हैं. औरत की जगह की बीमारी है. लिखो."